वन्सं, तुमच्या गॅलरीत अळ्या निघाल्या

कुंदा,

अहो-जाहो फक्त मथळ्यापुरतं. चारचौघांत मी तुला जन्मभर ‘वन्सं’ म्हटलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं की ‘कुंदे’. तू माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, वयाने माझ्याच बरोबरीची, त्यामुळे हा दुहेरी कारभार आपल्या दोघींना सोयीचा होता. तुला भांडायचं असलं की तूही मला ‘वहिनी’ सोडून ‘गिरगावच्या राणीसाहेब’ म्हणायचीस. आता तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही. बरंच झालं म्हणणार होते, पण तसं वाटत नाही.

तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले, घासून पुसून भांडी परत मांडणीवर गेली. आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे. विषय एकच, खालची विहीर बुजवायची. वर पेव्हर ब्लॉक घालायचे, गाड्यांना जागा करायची आणि कोपऱ्यात सिमेंटचा एक बाक. बाकावर नाव कोणाचं, ओळख पाहू. तुझं. जी विहीर राहावी म्हणून तू सगळ्या बिल्डिंगशी वैर घेतलंस, ती बुजवून त्यावर तुझ्या नावाचा बाक! तुझ्या आयुष्यात इतका चांगला विनोद तुला कोणी सांगितला नसेल. फक्त तो सांगणाऱ्यांना हा विनोद आहे हे ठाऊक नाही. ते फार मनापासून करताहेत. डेंग्यूने कुंदाताई गेल्या, विहिरीत डास होतात, म्हणून विहिरीने कुंदाताईंना खाल्लं, असा सरळ हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे हे मला माहीत आहे. पण तो चुकीचा का, हे सांगायचं तर मला सगळ्यांसमोर तुझी एक गोष्ट उघडी करावी लागेल, आणि ती तुला अजिबात आवडणार नाही. विहीर वाचवायची तर तुझी अब्रू जाते, अब्रू वाचवायची तर विहीर. म्हणून संध्याकाळच्या आत तुझ्याशी बोलून घेते. तू मधे बोलणार नाहीस, हा एक फायदा.

पहिल्यापासून सांगते. तू असतीस तर तूच सांगितली असतीस, आणि माझी फजिती जास्त रंगवून.

मी लग्न होऊन अलिबागला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली मच्छरदाणी होती. आईला कोणीतरी सांगितलं होतं की तिकडच्या वाड्यांतले डास माणसाला खाटेसकट उचलून नेतात. पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर सगळे बसलेले असताना मी पायावर चापट मारली आणि सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “आमच्या गिरगावात डास नाहीत.” गिरगावात डास नव्हते! आमच्या चाळीच्या मागे उघडं गटार होतं आणि मी पोटऱ्यांना रॉकेल चोळून मॅट्रिकचा अभ्यास केला होता. पण नवी नवरी, त्यात मुंबईची, त्यात शास्त्र विषयात बक्षीस मिळवलेली. तोंडाला येईल ते बोलत होते. तू सुपारी कातरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “मग हे तुमच्याच ट्रंकेतून आले असतील, वहिनी. कालपर्यंत आमच्याकडेही नव्हते.”

सासरे हसले. तुझी माझी ओळख तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी मी वाडी बघायला निघाले ती टाचांच्या चपला घालून. आता मला त्या बाईकडे बघवत नाही. नारळी-पोफळींच्या मुळांत टाच अडकतेय, पदर सावरतेय, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू कोणी माझा फोटो काढतंय. पोफळींवर चढवलेल्या पानवेलीपाशी आले आणि तू मागून ओरडलीस, “चपला काढा!”

“काटे असतील.”

“असले तर टोचतील. नागवेलीत चपला घालून कोणी जात नाही. वेल रुसते.”

“रुसते? झाड आहे की सासू?”

हे माझं वाक्य तू दुपारी पानावर सासूबाईंसमोर जसंच्या तसं सांगितलंस. मी भात चिवडत बसले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “उद्यापासून अनवाणी जा हो.” पुढे नागवेलीचे बाकीचे नियमही तूच शिकवलेस. परक्याने हात लावायचा नाही. तोडलेलं पहिलं पान देवापुढे. मुळाशी पाणी खेळतं राहिलं पाहिजे. मी मनातल्या मनात म्हणायचे, ही शाळेत शिकवते आणि हिला झाडं रुसतात. तू तेव्हा नुकतीच चौलच्या शाळेत बाई म्हणून लागली होतीस.

विहिरीला तर मी घाबरायचे. रहाट फिरायला लागला, मडकी एकामागून एक अंधारातून वर येऊन डोणीत उलटी व्हायला लागली की मला वाटे, एखाद्या मडक्यातून काहीतरी निघेल. तू मला हाताला धरून काठाशी उभं केलंस. पाणी डोणीतून पाटात, पाटातून आळ्यांत, शेवटच्या पोफळीपर्यंत पळत जायचं. मी विचारलं होतं, “हे साचत नाही कुठे?” तू म्हणालीस, “साचायला त्याला वेळ कुठाय.” त्या वाक्याचं मोल कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

मग गाव वाढत वाढत आपल्या कुंपणाशी आलं. पंप आला, रहाट थांबला. मजूर मिळेनात. तुझा भाऊ गेला आणि वाडी विकायची वेळ आली. मला लिफ्ट हवी होती, नळ हवा होता, पावसात कौलं शाकारून घेण्याचा कंटाळा आला होता. तू सही करायला आलीस, चष्मा लावलास, सही केलीस. एक अक्षर बोलली नाहीस. बिल्डरला अट घातलीस ती एकच, विहिरीला हात लावायचा नाही. मी तुला विचारायला हवं होतं, कुंदे, तुला कसं वाटतंय म्हणून. विचारलं नाही. तू सांगणाऱ्यांतली नव्हतीस आणि मी तेव्हा किचनच्या टाइल्सचा रंग ठरवत होते.

वाडीच्या जागेवर उठलेल्या या बिल्डिंगमध्ये आपण शेजारी शेजारी राहायला आलो आणि आपल्या मागोमाग तो आला. वाडीतले डास तिन्हीसांजेला यायचे, धुपाचा धूर केला की जायचे, कानाशी गुणगुणून सांगून चावायचे. हा नवा सकाळी चहाच्या वेळी येतो. पायांवर पांढरे पट्टे. आवाज नाही. गटार याला आवडत नाही, स्वच्छ पाणी लागतं, तेही थोडंसं, वाटीभर पुरतं. सगळं त्याच्या सोयीचंच झालं होतं. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून घरोघरी ड्रम. चहूकडे बांधकामं, प्रत्येकावर पाणी मारायला टाक्या. किहीमपर्यंत शनिवार-रविवारचे बंगले, ज्यांच्या पोहायच्या टाक्यांत सोमवार ते शुक्रवार डासांखेरीज कोणी पोहत नाही. ताप घेऊन माणूस शहरातून येतो, इथला डास त्याला चावतो आणि तोच ताप पुढे तुम्हाआम्हाला वाटत सुटतो. आधी चिकनगुनिया आला. अर्धी बिल्डिंग भिंतीला धरून चालत होती. मग डेंग्यू. तुला तो एकदा होऊनही गेला होता, हलकासा. आरोग्य केंद्राच्या वैशालीने हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “मी म्हटलं नव्हतं? ट्रंकेतून आलेत.”

त्या दिवसापासून तुझ्यातली बाई जागी झाली. आठवड्यात एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून ठेवा, असं वैशाली सांगून गेली. तू शुक्रवार धरलास. माझ्या नातीने, सईने, तेवढ्यात विचारून घेतलं, “आजी, ड्राय डे म्हणजे ते दुसरं दुकान बंद का?” तू तिला उत्तर न देता बादली घासायला लावलीस. दर शुक्रवारी हातात टॉर्च, खांद्याला शबनम, तू एकेक दार वाजवायचीस. “फ्रिजच्या मागचा ट्रे दाखवा. कुंड्यांखालच्या ताटल्या दाखवा. नुसतं ओतू नका, घासा! अंडी कडेला चिकटून बसतात, सुकली तरी मरत नाहीत.” पोरांची नखं तपासावीत तसं लोकांचं घर तपासायचीस. सेक्रेटरी म्हात्र्यांच्या बायकोने हौसेने काचेच्या भांड्यात तो नशीब आणणारा बांबू ठेवला होता. तू तो तिच्यादेखत बेसिनमध्ये उपडा केलास.

“अहो कुंदाताई, तो उत्तरेला ठेवायचा असतो!”

“ठेव की. कोरडा ठेव.”

लोक तुझ्या पाठीमागे चिडायचे, पण शुक्रवारी सकाळी गॅलऱ्यांतून घासण्याचे आवाज यायचे. विहिरीत तू गप्पी मासे सोडलेस. ते अळ्या खातात म्हणून. रोज त्यांना बघायला जायचीस. मी वरून म्हणायचे, “तुझ्या सासरचे आहेत का गं?” लग्न न केलेल्या बाईला हे विचारण्याइतकी मी वात्रट आहे, आणि तू एकदा वर बघून म्हणालीसही, “हो, पण निदान पुरुष गप्प बसणारे आहेत.”

मी विहीर बुजवा म्हणणाऱ्यांतली होते. हे लपवत नाही. दारात उघडी विहीर, खेळणारी मुलं, त्यात डासांचं भय. आपलं ते भांडण जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना, कुठेही सुरू व्हायचं आणि मूग शिजले की थांबायचं.

आणि तुझं स्वतःचं घर? ते कोण तपासणार? बाईंची वही तपासायची कोणाची टाप?

तुझ्या मागच्या गॅलरीत, उन्हाची तिरीप येते त्या कट्ट्यावर, काचेच्या बाटल्यांची रांग. लोणच्याच्या, सरबताच्या, मधाच्या. आणि मधोमध सासूबाईंचं पितळेचं घंगाळ. सगळ्यांत नागवेल. वाडीत जेसीबी शिरायच्या आदल्या दिवशी तू वेलीचे तुकडे कापून पदरात भरून आणलेस. कुंडीतल्या विकतच्या मातीत ते जगेनात, म्हणून विहिरीच्या पाण्यात ठेवलेस, आणि लागले. गॅलरीत चपला नाहीत, परक्याचा हात नाही. पाणी बदलायचं नाही, वेल रुसते. आटलं की वरून भर घालायची. मुळाशी पाणी खेळतं हवं हा तुझाच नियम, पण बाटलीत पाणी खेळणार कुठे? हे तुझ्या ध्यानात आलं नाही आणि तुला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मलाही नाही.

वैशाली एकदा उंबऱ्यापर्यंत आली होती. बिचारी थळकडची, तिच्या घरीही कधीकाळी पानवेल होती. म्हणाली, “बाई, चप्पल काडते. हात न्हाय लावत. लांबनं बगते.”

“लांबून बघितलंस ना? हिरवं दिसतंय ना? मग जा आता, वरच्या मजल्यावर ड्रम आहेत.”

ती गेली. तुझ्यापुढे कोण बोलणार?

ताप आला तेव्हा तू स्वतःच निदान केलंस. डोळ्यांच्या मागे दुखतंय, सांधे मोडून येताहेत, म्हणजे तोच. रक्त तपासलं, तोच निघाला. मग बिल्डिंगने आपापली औषधं पाठवली. पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, किवी. म्हात्रेबाईंनी स्वतः शेळीचं दूध शोधून आणलं, तो बांबू विसरून. तू रसाचा एक घोट घेतलास आणि म्हणालीस, “हा पिऊन जगण्यापेक्षा...” आणि मला बघून उरलेला रस पिऊन टाकलास.

मग ताप उतरला. तू उठून बसलीस, पेज मागितलीस आणि बरोबर सुकटीची चटणी. मी खुशीत लसूण सोलायला बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, आणि दुसऱ्यांदा होतो तेव्हा तो जास्त जोर करतो. ऐकलं होतं आपण दोघींनीही. पण ताप उतरलेल्या माणसाने चटणी मागितली की घरच्यांना ते डॉक्टरपेक्षा खरं वाटतं. संध्याकाळी तुझं पोट दुखायला लागलं, हातपाय गार पडले. इथल्या दवाखान्यातून पनवेलला न्यायचं ठरलं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझा हात चोळत होते आणि मला काय सुचलं बघ. म्हणाले, “आता तरी ती विहीर बुजवू दे गं.” त्या वेळी! माणूस घाबरलं की जुनं भांडण धरून बसतं, तेवढंच ओळखीचं असतं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, “घरी गेल्यावर बोलू.” वडखळ मागे पडल्यावर पुन्हा डोळे उघडलेस. “वेलीला पाणी घाल. चपला काढून जा.”

घरी गेल्यावर बोलायचं राहिलं. ते आता बोलतेय.

तू गेल्यावर वैशाली आली. घरात डेंग्यूने माणूस गेलं की आजूबाजूचं सगळं तपासावं लागतं. आधी विहीर बघितली. बादली सोडली, पाणी वर काढलं, पांढऱ्या थाळीत ओतलं. गप्पी मासे, एक वाळकं पान, बाकी काही नाही. परत परत काढलं. “आजी, हीर साफ हाय,” ती म्हणाली. मग तुझं घर उघडलं. गॅलरीच्या उंबऱ्यावर आम्ही दोघींनी चपला काढल्या. मी पहिली बाटली उन्हाकडे धरली.

मुळांच्या मधे वळवळत होत्या. डोकं खाली, शेपूट वर. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दुसऱ्या बाटलीत. घंगाळात तर विचारू नकोस. सगळ्या बिल्डिंगला धारेवर धरणाऱ्या आमच्या बाईंच्या स्वतःच्या गॅलरीत, सासूबाईंच्या घंगाळात, पाळणाघर भरलं होतं!

मला हसू आलं. खरं सांगते, आधी हसूच आलं. मग थांबेना, आणि कधी त्याचं रडू झालं कळलं नाही.

वैशाली घाबरली. “आजी, रडताव का हसताव?”

“दोन्ही. तू तुझं काम कर.”

तिने अळ्यांचं पाणी ओतून ताजं भरलं, कागदावर लिहिलं आणि हळूच म्हणाली, “मला लिवावं तर लागंल. पन सोसायटीत मी कुनाला सांगनार न्हाय. बाईंचं नाव कशाला खराब करायचं?”

त्याच क्षणी मला कळलं, तू सही करताना गप्प का बसलीस. वाडी तू विकलीच नव्हतीस. बाटल्यांत भरून वर घेऊन आली होतीस. विचारलं नाही त्याचं उत्तर असं कट्ट्यावर रांगेने मांडून ठेवलं होतंस आणि मी इतकी वर्षं त्याला हिरवळ समजत होते.

तर असं आहे. संध्याकाळी जायचं आहे. सई म्हणते, “आजी, तू नकोच बोलू. मेलेल्या माणसाबद्दल कशाला?” तिचंही खरं आहे. आता तूच सांग. नाही सांगत? बरं. उरलेलं आल्यावर लिहिते.

*

आले जाऊन. पाय दुखताहेत, पण अर्धं सोडून झोप लागायची नाही.

खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तुझा फोटो टेबलावर, शाळेच्या निरोपसमारंभातला, त्यात तू कोणावर तरी रागावलेली दिसतेस. म्हात्रे बोलायला उठले. “ज्या विहिरीने आपल्या कुंदाताईंचा बळी घेतला, ती आता ठेवायची नाही. तिथे त्यांच्या आठवणीचा बाक करू. सगळ्यांची संमती आहे ना?” हात वर झाले. काहींचे तुझ्यासाठी होते, काहींचे गाडीसाठी. कोणता हात कशासाठी ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी म्हटलं, “म्हात्रे, विहिरीत अळ्या कोणी बघितल्या?”

“आजी, एवढं उघडं पाणी. असणारच.”

“असणारच म्हणजे बघितल्या नाहीत. वैशालीने बघितलं. नाहीत. मासे आहेत तिथे, कुंदाने सोडलेले.”

“मग आल्या कुठून?”

मी तुझ्या फोटोकडे बघितलं. तू तशीच रागावलेली. म्हटलं, आणखी काय रागावणार आहेस.

“तिच्या गॅलरीत निघाल्या,” मी म्हणाले. “नागवेलीच्या बाटल्यांत. पाणी बदललं की वेल रुसते, म्हणून तिने कधी बदललं नाही, आणि कोणाला हात लावू दिला नाही. मी स्वतः बघितलंय.”

वरच्या मजल्यावरचं मूल तेवढं सायकलची घंटी वाजवत होतं. मग म्हात्रेबाईंचा आवाज, “म्हणजे माझा बांबू बेसिनमध्ये ओतला आणि स्वतःच्या घरात...” त्या मधेच थांबल्या, पण मागून कोणीतरी फिसकन हसलंच.

“हसा,” मी म्हटलं. “मीही हसले. तिला दिसलं असतं ना, तर तिने स्वतःला अंगठे धरून जिन्यात उभं केलं असतं आणि तुम्हाला बघायला बोलावलं असतं. पण दिसलं नाही. स्वतःच्या घरचं, मायेचं असलं की दिसत नाही. तुमच्या घरी काय आहे मायेचं, ते वर जाऊन बघा.”

म्हात्र्यांनी विचारलं, “पण आजी, म्हणजे त्यांना त्यांच्याच घरचा डास चावला?”

“डासाने नाव सांगितलं नाही. तुमच्या ड्रममधला असेल, शेजारच्या बांधकामावरचा असेल, तिच्या बाटलीतला असेल. एवढंच सांगते, विहिरीतला नव्हता. माणूस गेलं म्हणून कोणालातरी शिक्षा करायची असेल तर मला करा. मी तिची शेजारीण, रोज तिच्या घरी चहा प्यायले आणि बाटलीकडे एकदाही बघितलं नाही.”

मग बराच गोंधळ झाला. गाड्यांवाले म्हणाले, पार्किंगचा प्रश्न तसाच राहतो. राहू दे म्हटलं. मुलांची भीती मलाही होती, ती मी सोडली नाही. विहिरीवर लोखंडी जाळी, वर बारीक जाळी, कुलूप, असं ठरलं. चावी म्हात्र्यांकडे. सगळे हात वर झाले नाहीत, पण पुरेसे झाले. बाकाचं काय, असं शेवटी म्हात्र्यांनी चाचरत विचारलं. मी सांगितलं, करा, पण जिथे सावली आहे तिथे, आणि नाव घालू नका. ती बसलेली तुम्ही कधी बघितली होतीत?

निघताना म्हात्रेबाई माझ्याजवळ आल्या. “आजी, एकदा वर येऊन बघाल का? एसीचं पाणी पडतं त्या डब्यात काहीतरी हलतंय.” गेले. टॉर्च तुझाच होता. हलत होतं. आम्ही दोघींनी मिळून डबा घासला आणि त्यांनी मला चहा दिला, साखर जास्त घालून. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “आता शुक्रवारी कोण येणार?”

आता तुझी अब्रू किती गेली आणि किती राहिली, ते तू ठरव. मला तर वाटतं, बिल्डिंगला तू पहिल्यांदाच थोडी माणसांतली वाटलीस. रागावलीस तर राग. घरी गेल्यावर बोलू म्हणाली होतीस, ते बोलणं असं झालं. विहीर तू जिंकलीस. माझ्या तोंडून जिंकलीस, हे मला जड जातंय, पण चालायचंच.

*

सकाळची कामं उरकली, म्हणून एवढं एकच जोडते.

बाटल्या मी रिकाम्या करून घासल्या, राखेने, तू घासायला लावायचीस तशा. घंगाळ चकचकीत झालंय, ते सईला दिलं. वेली टाकल्या नाहीत. विहिरीच्या मागे, बिल्डरच्या तावडीतून सुटलेली ती एक पोफळ आहे ना, तिच्या बुडाशी वॉचमनकडून चांगलं आळं करून घेतलं. माती आपल्याच वाडीची आहे, आवारातल्या फरशीखाली अजून तीच आहे. वेली तिथे लावल्या. विहिरीचं पाणी घातलं. साचलं नाही, आत गेलं.

लावायला निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. पोफळीच्या अलीकडे मी थांबले आणि चपला काढल्या.

वॉचमन म्हणाला, “आजी, फरशी तापलीय, पाय पोळतील. चपला राहू द्या की.”

“नागवेलीत चपला घालून कोणी जात नाही,” मी म्हटलं. “वेल रुसते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला पाठ आहे, मीच एकदा विचारलं होतं. तेव्हा तू उत्तर दिलं नव्हतंस. त्याने विचारलं नाही, तरी मी त्याला सांगून टाकलं.

“सासू नाही रे. नणंद आहे.”